1963 सालचे दोन ‘मी’

मराठी समीक्षेत काही शब्द असे आहेत की ते एकदा वापरले की पुढे विचार करण्याची जबाबदारी उरत नाही. ‘तुटलेपण’ हा त्यांपैकी एक. प्रस्तावनांमध्ये, मलपृष्ठांवर, प्रबंधांच्या निष्कर्षांत आणि एम. ए.च्या प्रश्नपत्रिकांत तो वर्षानुवर्षे सुखाने नांदतो आहे. त्याच्या आधी ‘आधुनिक मानवाचे’, ‘महानगरीय’, ‘अस्तित्वगत’ अशी विशेषणे आलटून पालटून येतात. पण कोण तुटले, कशापासून तुटले आणि कोणी तोडले, हे प्रश्न विचारायचे राहूनच जातात. ‘तुटणे’ हे क्रियापद अकर्मक असल्यामुळे समीक्षकाची मोठीच सोय झाली आहे. फांदी तुटते, दोर तुटतो, तसा माणूसही तुटतो. ‘तोडणे’ म्हटले असते तर कर्ता सांगावा लागला असता.

आमची तक्रार या शब्दाच्या वाटणीविषयी आहे. ‘स्व’, मृत्यू आणि एकाकीपण यांवर चिंतन करण्याचा मान मराठीत काही लेखकांच्या वाट्याला येतो आणि काहींना त्याच अनुभवासाठी ‘सामाजिक जाणिवे’चे प्रमाणपत्र देऊन वाटेला लावले जाते. हे विधान मोघम राहू नये म्हणून एकच वर्ष घेऊ.

1963 साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. कादंबरी आणि या संग्रहातली शीर्षककथा, दोन्ही ‘मी’ने सांगितलेल्या. दोन्हींत एक तरुण घर सोडून परक्या गावी जातो: पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला, बागुलांचा निवेदक गुजरातेत, उधन्याला, रेल्वेच्या नोकरीवर. दोघेही वाचणारे, शब्दांचा नाद असलेले. दोघांनाही जिथे गेले तिथे टिकता येत नाही. आणि दोघांच्याही पुढ्यात ‘मी कोण’ हा प्रश्न येऊन उभा राहतो.

पुढे काय झाले ते आपण सारे जाणतोच. ‘कोसला’ अस्तित्ववादाच्या प्रकरणात गेली. बागूल दलित साहित्याच्या प्रकरणात गेले. पहिल्या प्रकरणात सार्त्र, कामू, काफ्का यांची नावे येतात. दुसऱ्यात विद्रोह, वेदना, नकार. पहिल्यातला ‘मी’ म्हणजे माणूस, दुसऱ्यातला ‘मी’ म्हणजे समाजाचा प्रतिनिधी. दोन पेपर, दोन प्राध्यापक, आणि पुष्कळदा विद्यार्थ्यांचेही दोन गट. साठ वर्षे उलटून गेली तरी ही दोन पुस्तके एकाच तासाला एकाच टेबलावर आलेली फारशी दिसत नाहीत.

येथे लगेच सांगितले पाहिजे की आमचे भांडण नेमाड्यांशी नाही आणि ‘कोसला’शी तर मुळीच नाही. ‘कोसला’ तिच्या समीक्षकांपेक्षा कितीतरी सावध आहे. पांडुरंगाचे भरकटणे कोणाच्या पैशावर चालले आहे, हे ती एका क्षणासाठीही विसरत नाही. वडिलांचे पैसे, त्यांचा हिशेबीपणा, मेसची बिले, उधाऱ्या, शेवटी गावी परतल्यावर पुन्हा तेच घर आणि तोच बाप, हे सारे त्या कादंबरीत ठाण मांडून आहे. पांडुरंगाला निरर्थक वाटते खरे; पण निरर्थक वाटण्याइतकी फुरसत त्याला शेतीच्या उत्पन्नाने दिली आहे. हे कादंबरीला कळते, पांडुरंगालाही अधूनमधून कळते. कळत नाही ते, त्याच्या उद्वेगाला थेट पॅरिसच्या कॅफेत नेऊन बसवणाऱ्या आपल्या व्याख्यानांना.

आता मृत्यूचे पाहू. ‘कोसला’तला सर्वांत चिरंतन भाग कोणता असे विचारले तर बहुतेक वाचक पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीचे, मनीचे मरण सांगतील, आणि ते योग्यच आहे. मनी देवीने जाते. पांडुरंग त्या वेळी दूर आहे. त्या इवल्या देहाबरोबर पुढची सगळी संभाव्य वंशवेलच संपली, अशा अंगाने त्याचे दुःख धावत जाते, आणि मराठी गद्यात मरणाचा असा हिशेब त्यापूर्वी कोणी मांडलेला नव्हता. या भागावर लिहिताना आपले समीक्षक हटकून एक शब्द वापरतात: अटळ. ‘मृत्यूच्या अटळतेचा साक्षात्कार.’

परंतु मनीचे मरण अटळ नव्हते. देवीची लस जेन्नरने 1796 साली सिद्ध केली होती. भारत सरकारने देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 साली सुरू केला, म्हणजे ‘कोसला’ छापली जाण्याच्या आदल्याच वर्षी. 1975 नंतर हा रोग या देशात उरला नाही आणि 1980 साली तो जगातून गेल्याचे जाहीर झाले. मनी गेली ती अशा रोगाने, ज्यावर दीडशेहून अधिक वर्षे उपाय उपलब्ध होता आणि जो तिच्यापर्यंत पोहोचला नाही. त्या घरात, त्या गावात, मुलीच्या जिवाची किंमत काय होती आणि लस, डॉक्टर, पैसा व श्रद्धा यांच्यात त्या वेळी कोणते गणित मांडले जात होते, हे प्रश्न त्या मरणाच्या आतलेच आहेत. पांडुरंगाचा संताप बापावर, घरावर, साऱ्या व्यवस्थेवर धावून जातो तो याचमुळे. नुसत्या अटळतेवर कोणी संतापत नाही. ‘अटळ’ म्हणून आपण त्याच्या रागातली हवा काढून घेतली आणि उरलेल्या फुग्याला तत्त्वज्ञान म्हटले.

मरण सर्वांना आहे, हे कोण नाकारतो? पण ज्या लेखकांनी हे सत्य खरोखर पेलले, त्यांनी ते पडद्यांपासून आणि पगारापासून वेगळे केलेले नाही. तॉलस्तोयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (1886) पाहा. नव्या घरात पडदे लावून दाखवताना शिडीवरून घसरल्याचे निमित्त होते आणि तो न्यायाधीश मरणाच्या वाटेला लागतो. बढती, वेतन, घराची सजावट, पत्ते खेळण्याची मंडळी, हे सगळे तॉलस्तोयने तपशीलवार दिले आहे. आणि त्या मरणाऱ्या माणसाला थोडा विसावा देतो कोण, तर त्याचे पाय रात्ररात्र आपल्या खांद्यावर धरून बसणारा गेरासिम, घरातला शेतकरी नोकर. मृत्यूपुढे सगळे सारखे, हे वाक्य गेरासिमला शिकवावे लागत नाही. ते कळायला इव्हान इलिचला मात्र सबंध गोष्ट लागते. वर्ग, नोकरी आणि घर या गोष्टी बाहेर ठेवून मृत्यूचे चिंतन ‘शुद्ध’ होते, हा समज निदान तॉलस्तोयचा नव्हता.

आपल्याकडे याचे उदाहरण शोधायला रशियापर्यंतही जायला नको. चोखामेळ्याच्या मरणाची गोष्ट वारकरी परंपरेने कशी जपली आहे? 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला लावलेल्या मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेला. पुढे नामदेव तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले त्या चोखोबाच्या म्हणून वेचल्या, आणि पंढरपुरात महाद्वाराशी समाधी बांधली. आख्यायिका आहे ही. पण तिची रचना बघण्यासारखी आहे. तिला गाव आठवते, काम आठवते, भिंत आठवते. ढिगाऱ्यात सगळ्यांची हाडे एक झालेली असताना ‘हा कोण’ हे ओळखायचे कसे, हा प्रश्न तिला पडतो, आणि त्याचे उत्तर ती जातीवरून देत नाही. समाधी मात्र बांधली जाते ती दाराबाहेर. त्या दारातून आत जायला चोखोबाच्या माणसांना 1947 साल उजाडावे लागले, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. ‘स्व’ आणि मृत्यू यांविषयीचे याहून गुंतागुंतीचे चिंतन अस्तित्ववादाच्या कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे, ते आम्हाला कोणीतरी दाखवावे.

असो. बागुलांकडे वळू, कारण मुद्दा त्यांचा आहे.

‘जेव्हा मी जात चोरली होती’ या शीर्षकातल्या क्रियापदावर आपण पुरेसे थांबलेलो नाही. इंग्रजी भाषांतरात तिथे ‘लपवली’ या अर्थाचा शब्द येतो आणि गोष्ट सरळ होऊन जाते: एका माणसाने आपली जात लपवली. पण मराठीत आपण अंग चोरतो, नजर चोरतो, काम चोरतो, पाऊल चोरतो. या सर्व ठिकाणी ‘चोरणे’ म्हणजे दुसऱ्याचे घेणे नव्हे, तर आपलेच आकसून घेणे. गर्दीत अंग चोरून बसलेला माणूस स्वतःच्या देहाची जागा कमी करतो. बागुलांच्या निवेदकाने जात चोरली म्हणजे स्वतःच्या असण्याचा एक भाग आवळून, दाबून, आत ओढून धरला, आणि तसा धरलेला असताना तो हसतो, बोलतो, जेवतो, मित्र मिळवतो. दुसरीकडे ‘चोरी’चा रूढ अर्थही सुटत नाही. नुसते माणूस म्हणून वागवले जाणे, ही ज्याच्या मालकीची वस्तूच नव्हती, तिचा त्याने काही दिवस उपभोग घेतला. आणि चोराला देतात तशीच शिक्षा त्याला दिली गेली. एका क्रियापदात एवढे चिंतन साठवणाऱ्या लेखकाला आपण ‘अनुभवाची दाहकता’ एवढ्यावर रवाना करतो.

कथेत त्याच्याबरोबर काशिनाथ आहे. काशिनाथ काही चोरत नाही. तो जात उघडी ठेवून, लढण्याच्या तयारीत वावरतो. त्याचा अपमान होताना निवेदक पाहतो आणि त्याला बोलता येत नाही. तुटलेपण म्हणतात ते येथे आहे. ज्याच्याशी नाते आहे त्याच्याशी ते सांगता येत नाही, आणि ज्यांच्याशी जडले आहे ते खोट्या पायावर उभे आहे. ज्या घरात ‘मास्तर’ म्हणून, कवी म्हणून त्याला मान मिळतो, तिथला प्रत्येक घास त्याला जपून गिळावा लागतो. पुढे भेद फुटतो, मार बसतो, काशिनाथ त्याला सोडवतो. आणि ज्यांनी मारले त्यांच्यापलीकडे पाहत निवेदक या माराचा खरा कर्ता मनू असल्याचे सांगतो. वर आम्ही ‘तुटणे’ आणि ‘तोडणे’ यांतला फरक काढला तो यासाठी. बागुलांनी वाक्याला कर्ता दिला. कदाचित म्हणूनच ते आमच्या अस्तित्ववादाच्या प्रकरणात बसले नाहीत.

आता तत्त्वज्ञानाचाच आग्रह असेल तर तेही पाहू. माणूस आधी असतो आणि मग आपल्या निवडींतून, कृतींतून तो स्वतःला घडवतो. त्याचे सत्त्व कोणी आधी ठरवून ठेवलेले नसते, असे सार्त्रचे 1945 च्या व्याख्यानातले सुप्रसिद्ध प्रतिपादन आहे. आमचे प्राध्यापक ते फळ्यावर लिहितात. जातिव्यवस्था याच्या नेमके उलट सांगते: तू असण्याच्या आधीच तू काय आहेस ते ठरलेले आहे. तेव्हा सार्त्रच्या सिद्धान्ताची खरी कसोटी पांडुरंगाच्या खोलीत लागत नाही, उधन्याला लागते. तिथे एक तरुण स्वतःला निवडायला निघतो आणि निवडण्याची किंमत पाठीवर घेऊन परततो. ‘मी कोण’ हा प्रश्न पांडुरंग स्वतःला विचारतो. बागुलांच्या नायकाला तो दुसरे विचारतात, आणि उत्तरावर खोली मिळणे, जेवण मिळणे, जीव वाचणे अवलंबून असते. ‘कोसला’ निवेदकाच्या स्वतःच्या नावाने सुरू होऊ शकते. उधन्याला नाव-आडनाव सांगणे हाच धोका आहे.

गंमत अशी की सार्त्रला हे ठाऊक होते. 1946 साली ज्यूंच्या प्रश्नावर लिहिलेल्या पुस्तकात त्याने दाखवले की ज्यू हा दुसऱ्यांच्या नजरेने ज्यू ठरवला जातो. 1961 साली फ्रान्झ फॅननच्या पुस्तकाला त्याने प्रस्तावना लिहिली. परंतु मराठीने उचलला तो ‘नॉशिआ’चा, 1938 चा सार्त्र, ज्याचा नायक रोकँताँ हा पोटापुरत्या उत्पन्नावर एकटा राहतो आणि झाडाच्या मुळाकडे पाहून ज्याला मळमळते. त्याच तत्त्वज्ञाची पुढची पंधरा-वीस वर्षे आपण बंदरावरच उतरवून ठेवली. आयातीतसुद्धा निवड असते, आणि ती कोण करतो यावर ती अवलंबून असते.

‘परात्मता’ या शब्दाचा प्रवासही असाच. मार्क्सच्या 1844 च्या हस्तलिखितांत ही कल्पना कामगाराविषयी आहे: स्वतः घडवलेली वस्तू त्याला परकी होते, स्वतःचे श्रम परके होतात, मग माणसे आणि अखेरीस स्वतःचे माणूसपणही. कारखान्यातून निघालेला हा शब्द मराठीत आला तो मात्र वसतिगृहाच्या खोलीत मुक्कामाला. परळ-लालबागला गिरण्यांचे भोंगे वाजत होते, लाखो माणसे सुताच्या धुळीत श्वास घेत होती, आणि परात्मतेवरचे आमचे निबंध नोकरी न लागलेल्या पदवीधराच्या कंटाळ्यावर चालले होते. नारायण सुर्वे यांनी आपल्या पहिल्या संग्रहाला 1962 साली नाव दिले ‘ऐसा गा मी ब्रह्म’. आईबापांचा पत्ता नसलेला, एका गिरणी कामगाराने उचलून वाढवलेला माणूस पहिल्याच पुस्तकाच्या कपाळावर ‘मी’ आणि ‘ब्रह्म’ हे दोन शब्द शेजारी लिहितो. आत्मतत्त्वाच्या चर्चेत याहून मोठी हिंमत कोणती? तरी वर्गात सुर्वे ‘कामगार कवी’च. कमल देसाई यांच्या नायिका स्वतःच्या असण्याशी जो उभा दावा मांडतात, तोही ‘स्त्रीवादी जाणिवे’च्या खणात ठेवून आपण कुलूप लावतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: तुम्ही साहित्याचे समाजशास्त्र करता आहात. वस्तुस्थिती उलट आहे. बागुलांचे समाजशास्त्र आपण केले. आम्ही त्यांच्यासाठी तत्त्वज्ञान मागतो आहोत. आणि नेमाड्यांना थोडे समाजशास्त्र द्या म्हणतो आहोत, कारण ते त्यांनी स्वतःच पुस्तकात घालून ठेवले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘दलित साहित्य’ हे नाव कोणी लादलेले नाही, ते लेखकांनी स्वतः घेतले. 1958 साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनापासून ते अभिमानाने मिरवले गेले. मग वेगळ्या प्रकरणाबद्दल तक्रार कसली? हे नाव आम्हाला मोडायचे नाही. पण निशाण म्हणून हाती घेतलेले नाव आणि कपाटाच्या खणावर चिकटवलेली चिठ्ठी यांत अंतर असते. माणसाला केंद्रस्थानी ठेवणारे साहित्य, अशीच दलित साहित्याची मांडणी बागुलांनी केली. आपण त्यातला माणूस वगळला आणि नाव तेवढे ठेवले. ‘सूड’मधली जानकी स्वतःच्या स्त्रीदेहाशीच झगडते, ‘मरण स्वस्त होत आहे’ (1969) हे तर शीर्षकच मृत्यूविषयीचा प्रबंध आहे. मरणाला भाव असतो आणि तो उतरतो, असे सांगणारा. या पुस्तकांवर ‘मृत्युचिंतन’ या मथळ्याखाली किती लेखन झाले ते आपापल्या विभागाच्या ग्रंथालयात जाऊन पाहावे.

या वाटणीचे परिणाम पुस्तकांपुरते राहत नाहीत. वस्तीतून आलेल्या मुलाने ‘काफ्का आणि मराठी कथा’ हा विषय मागितला की त्याला ‘तुझ्या जवळचा’ विषय सुचवला जातो, हे आपल्या विभागांतले उघड गुपित आहे. म्हणजे त्याच्या वाट्याला अनुभव, दुसऱ्याच्या वाट्याला चिंतन. 17 जानेवारी 2016 रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याचे पत्र जगाने वाचले. ते एका वाचणाऱ्या, विज्ञानाचे आणि ताऱ्यांचे वेड असलेल्या तरुणाचे पत्र आहे. माणसाची किंमत त्याच्या तात्कालिक ओळखीपुरती उरल्याचे दुःख त्यात आहे, आतल्या पोकळीविषयी त्यात लिहिले आहे. आत्मस्वरूप, मृत्यू आणि माणसामाणसांतले अंतर यांवर आपल्या काळात लिहिले गेलेले हे एक महत्त्वाचे गद्य आहे, आणि ते तसे वाचणे हे साहित्याच्या शिक्षकांचे काम होते. त्यानंतर वर्षानुवर्षे वाद चालला तो त्याची जात नेमकी कोणती याचा. उधन्याला विचारला गेलेला प्रश्न मेलेल्या माणसालाही चुकला नाही.

2020 च्या टाळेबंदीत एकांत, भय आणि विलगतेवर मराठीत भरभरून लिहिले गेले. दिवाळी अंकांची पाने त्याने भरली. त्यातले काही लेखन चांगलेही होते. त्याच वर्षी 8 मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रेल्वे रुळांवर थकून झोपलेल्या 16 मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून ते पायी निघाले होते, भुसावळला गाडी मिळेल या आशेने, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे. आपल्या एकांतचिंतनात ते रूळ क्वचितच आले. आले तेव्हा ते ‘सामाजिक’ परिच्छेदात आले, ‘अस्तित्वा’च्या परिच्छेदात नाही.

अभ्यासक्रम बदलायला मंडळे लागतात, बैठका लागतात, त्याची आम्हाला कल्पना आहे. पण तासाला काय वाचायचे यातले थोडेसे अजून शिक्षकाच्या हाती आहे. बागुलांची ती कथा लहान आहे. ‘कोसला’साठी राखलेल्या तासांतला एक काढून ठेवला, तर ती वर्गात मोठ्याने वाचून होते, आणि ‘चोरणे’ या क्रियापदावर बोलायला दहा मिनिटे उरतात.